यंत्र आले, माणूस घडवायचा आहे

भंडारा जिल्ह्याची ओळख पितळेची भांडी आणि धान यांनी घडली. आज या दोन्ही व्यवहारांची वाट संगणकाच्या पडद्यावरून जाते. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून नोंदणीकृत व्यापाऱ्याचे विवरणपत्र ऑनलाइन भरावे लागते. लाखांदूरच्या शेतकऱ्यास आधारभूत किमतीने धान विकण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. २०१८ पासून सातबाराही डिजिटल स्वाक्षरीने मिळू लागला.

यंत्र आले, ते चालविणाऱ्या माणसाचे काय? राज्यात २००१ साली एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि हजारो कर्मचाऱ्यांनी त्याचे प्रमाणपत्र मिळविले. परंतु प्रमाणपत्र म्हणजे कौशल्य नव्हे. नोंदणीत एक आकडा चुकला, तर त्याची किंमत हंगामभर राबलेले कुटुंब मोजते. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाला अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा अधिकार दिला आहे. ‘सर्व्हर बंद आहे, उद्या या’ हे त्या अधिकाराला उत्तर होऊ शकत नाही.

शासकीय सेवकांच्या क्षमतावृद्धीसाठी केंद्राने २०२० साली ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले. असे प्रयत्न साकोली-पवनीच्या तलाठी कार्यालयापर्यंत पोहोचायचे, तर प्रशिक्षण मराठीतून, तालुक्याच्या ठिकाणी आणि प्रत्यक्ष कामावर आधारलेले हवे. व्यापारी संघटनांनीही आपल्या मुनीमांसाठी असे वर्ग भरवावेत. संगणक कामाला वेग देईल; समोर उभ्या असलेल्या माणसाविषयीची आस्था मात्र कर्मचाऱ्यानेच आणावयाची आहे.