गोळ्यांची बाटली घरात ठेवता आली पाहिजे

वडाळ्याच्या एका वस्तीतला मुलगा. वय बावीस. एचआयव्हीचं निदान झालं, उपचार सुरू झाले, अंगावर मांस धरलं, कामालाही जाऊ लागला. मग एके दिवशी भेटला तो खोकत, गाल बसलेले. मी विचारलं, "गोळ्या घेतोस ना?" खाली बघत म्हणाला, "ताई, बाटली मित्राच्या गाडीच्या डिकीत असते. तो दीड महिना गावाला गेला होता."

दहा बाय बाराची खोली, सहा माणसं. फळीवर ठेवा, ट्रंकेत ठेवा, गादीखाली ठेवा, आईच्या हाताला लागणारच. आई विचारणार, "कसल्या रे या गोळ्या?" त्या एका प्रश्नाच्या भीतीनं त्यानं औषध सोडलं.

मी वॉर्डात नवीन नर्स होते तेव्हा या आजाराचं औषध गरिबाच्या आवाक्याबाहेर होतं. आम्ही नुसती माणसं जाताना पाहिली. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटी मोफत देणं सुरू केलं. पहिल्या केंद्रांमध्ये आपलं जे. जे. रुग्णालय होतं. २०१७ पासून तर निदान झालं की लगेच उपचार मिळतात. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेतली की रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. विषाणू असे दबलेले राहिले तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लागण असलेल्या बाईनं गरोदरपणात उपचार घेतले तर बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पाचापेक्षाही खाली येतो.

औषध आहे, तेही फुकट. मग पोरं औषध का सोडतात? माझं स्पष्ट मत आहे: आपली घरं अजून त्या बाटलीला जागा देत नाहीत म्हणून.

आपल्या वडाळ्यातच १८९० साली सुरू झालेलं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. तिथल्या रुग्णांना समाजानं कसं दूर ठेवलं ते जुन्या माणसांना विचारा. त्याच आवारात आज मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय आहे. आजार बदलला, वेगळं ताट मांडायची खोड गेली नाही. आणि ही खोड आपल्या घरात? आपल्या आज्या-पणज्यांना वरून पाणी ओतत होते. त्यांच्या नातवंडांनी घरातल्याच मुलाचा पेला वेगळा काढावा? एचआयव्ही पेल्यानं, ताटानं, संडासानं, मिठी मारल्यानं पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, नशेची एकमेकांची सुई, दूषित रक्त आणि उपचाराविना राहिलेल्या आईकडून बाळाला, एवढेच त्याचे रस्ते आहेत.

काहीजण मला म्हणतात, "पंचशील पाळलं असतं तर ही वेळ आली नसती." शील आपण स्वतः ग्रहण करतो, स्वतःला सावरायला. दुसऱ्याला मोजायची ती पट्टी नव्हे. जन्मतःच लागण झालेलं पोर आणि नवऱ्याकडून लागण झालेली बाई यांनी कोणतं शील मोडलं? आणि ज्याचं पाऊल चुकलं, त्यानं काय औषधावाचून मरावं?

दुसरे म्हणतात, "मुलांशी असलं बोलायचं कसं?" र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं द्यायचे. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, पण उभे राहिले. ज्या प्रश्नांसाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, ते प्रश्न घरातल्या मुलानं विचारले की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या एचआयव्ही तपासणीला पालकाची संमती लागते. म्हणजे तुमच्याशी बोलायची सोय नसेल तर त्याची तपासणीच अडते. मुलाला आणि मुलीला, दोघांनाही निरोध म्हणजे काय ते सांगा. नशेच्या नादाला लागलेल्या पोराला घराबाहेर काढू नका. बाहेर त्याच्या हातात दुसऱ्याची सुई येते. मुलगा मुलांकडे ओढला जातो असं कळलं तर मारझोड करू नका. मारल्यानं तो बदलत नाही, फक्त लपून वागायला लागतो. अत्याचार झाला किंवा वापरलेली सुई टोचली तर ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सरकारी रुग्णालय गाठा. लागण टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधं असतात.

तपासणी मोफत आणि गुप्त असते. आपल्याला केईएम आणि सायन रुग्णालय जवळ आहे. संबंध नुकताच आला असेल तर पहिल्या तपासणीत लागण दिसेलच असं नाही. समुपदेशक सांगतील तेव्हा पुन्हा जा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लागण आहे म्हणून नोकरीवरून काढणं, शाळेत प्रवेश नाकारणं, उपचार नाकारणं त्यानं बेकायदा ठरवलं आहे. एखाद्याचा आजार त्याच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. ही गोष्ट नळावर गप्पा मारतानाही लक्षात ठेवा.

त्या मुलाच्या आईला मी काही सांगितलं नाही. तो अधिकार त्याचा होता. समुपदेशकाला दोनदा भेटल्यावर त्यानं स्वतःच सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या बीपीच्या गोळ्या सरकवून फळीवर जागा केली. आता रात्री जेवण झालं की तीच आठवण करते.

प्रत्येक आई इतक्या लवकर वळेल असं नाही. म्हणून विहाराच्या कमिट्यांना विनंती आहे, वर्षावासात एक रविवार यासाठी द्या. वंदना झाल्यावर जवळच्या केंद्रातल्या समुपदेशकाला तासभर बोलवा. बायका, पुरुष, तरुण पोरं, सगळे एकत्र बसा. विहारात हा विषय निघाला की घरात काढायला जीभ अडखळणार नाही.

जयभीम.