दक्षिण ध्रुवाकडची गंगा

पाण्याला गंगा म्हटल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. बिद्रीच्या साखर कारखान्याच्या नावातच दूधगंगा आणि वेदगंगा अशा दोन गंगा आहेत. पलीकडे कोल्हापूरला पंचगंगा. ही सवय थेट अंटार्क्टिकापर्यंत पोहोचली. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघालेली पहिली भारतीय तुकडी जानेवारी १९८२ मध्ये त्या हिमखंडावर उतरली. पुढे तिथे उभारलेल्या आपल्या पहिल्या तळाला ‘दक्षिण गंगोत्री’ नाव मिळाले, आणि शिरमाकर टेकड्यांत उतरणाऱ्या एका हिमनदीलाही तेच.

नाव देणे ही साधी गोष्ट नव्हे. या टेकड्यांना १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतील एका वैमानिकाचे नाव आहे. दक्षिणेला बर्फातून डोके वर काढणारा वोल्थाट पर्वत तर गोअरिंगच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या नावाचा. त्या मोहिमेने विमानांतून स्वस्तिकाची खूण असलेले भाले खाली टाकले होते. भाला पडला की जमीन आपली, असा हिशेब! १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने तिथे नवा हक्क सांगण्याची वाटच बंद केली. भारत या करारात १९८३ मध्ये सामील झाला.

मग आपली ‘गंगोत्री’ तरी काय निराळी, असे कोणी विचारील. माझ्या मते, नाव देऊन आपण स्वस्थ बसलो नाही, हाच फरक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी १९८३ पासून त्या हिमनदीचे मुख किती मागे सरकते हे मोजायला घेतले. सरासरीने वर्षाला मीटरभरही नाही! एवढ्यासाठी हजारो मैल जायचे? होय, जायचे. पहिला तळ बर्फात गाडला गेला, १९८९ मध्ये खडकाळ टेकड्यांवर ‘मैत्री’ उभी राहिली. मोजणी पुढे चालू राहिली. औंधच्या पंत घराण्यातील डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या स्त्रिया, एवढे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आपण पाठ करतो. सेनगुप्ता यांनी त्याच टेकड्यांचे खडक अभ्यासले, हे मात्र कोणी सांगत नाही.

इकडे आपण पंचगंगेची ओटी भरतो आणि तिच्यातच गावोगावचे सांडपाणी सोडतो. तिकडच्या गंगेला ओटी नाही, पण मोजमापाची वही आहे. आपल्या शेतांना पाणी देणाऱ्या दूधगंगेची अशी वही आपल्या भूगोल विभागाने का उघडू नये? एकच जागा ठरवावी, महिन्यातून एकदा जावे, पाण्याची पातळी आणि रंग लिहून ठेवावा. खर्च एका वहीचा आणि एसटीच्या तिकिटाचा.