शिकवणाऱ्याने शिकायचे कधी?

ऑनलाइन शिकवणे म्हणजे घरबसल्या करायचे हलके काम, अशी एक समजूत २०२० च्या टाळेबंदीपासून आपल्याकडे मूळ धरून बसली आहे. एकदा व्याख्यान चित्रित करून ठेवले की झाले. मग ते शंभर जणांनी पाहावे नाहीतर हजारांनी, शिकवणाऱ्याचे काय जाते? ज्यांना हे काम करावे लागते त्यांना हे ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पद्धतीप्रमाणे अशा अभ्यासक्रमाची चार अंगे असतात. चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा घेण्याच्या चाचण्या आणि चर्चा. पहिली तीन एकदा नीट बांधून ठेवता येतात. चर्चा मात्र रोज सांभाळावी लागते, आणि त्या जोडीला स्वाध्याय तपासावे लागतात. खरे काम तिथे आहे, आणि ते कुणाला दिसत नाही.

हिशेबाची सवय जात नाही म्हणून थोडा आकडेमोडीचा खेळ करून पाहतो. आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी अडीचशे विद्यार्थ्यांच्या तुकडीमागे एक मार्गदर्शक धरला आहे. एका स्वाध्यायाला दहा मिनिटे दिली (आणि दहा मिनिटांत वाचून, चार बऱ्या ओळी लिहून, गुण देणे ही काही चैन नव्हे), तर अडीचशे स्वाध्यायांना अडीच हजार मिनिटे लागतात. म्हणजे जवळजवळ बेचाळीस तास. प्राध्यापकाचा आठवडा त्याच आयोगाने २०१८ मध्ये किमान चाळीस तासांचा सांगितला आहे. म्हणजे एकाच स्वाध्यायात सगळा आठवडा संपला, वर दोन तास अंगावर आले. वर्गावरचे तास, परीक्षा, समित्या, नॅकच्या फायली आणि घरची भाजी या सगळ्याला त्यात जागाच नाही.

या ओझ्यावर सध्या जो उपाय जिकडे तिकडे सांगितला जातो तो प्रशिक्षणाचा. शिक्षकाला तंत्र नीट येत नाही म्हणून त्याचा वेळ जातो. तेव्हा त्याला शिकवा, काम आपोआप आटोक्यात येईल, असा हा युक्तिवाद आहे. तो चुकीचा नाही, हे आधी सांगून टाकतो. वरचेच उदाहरण घ्या. एखाद्या जाणत्या माणसाने त्या मार्गदर्शकाला सांगितले, की पहिले पंचवीस स्वाध्याय सावकाश तपासा, त्यांत सापडलेल्या ठराविक चुकांचे एक टिपण दोन तास बसून लिहा, ते सगळ्या वर्गाला द्या आणि उरलेल्या सव्वादोनशे जणांना फक्त त्यांचे त्यांचे असे काय ते पाच मिनिटांत लिहा. बेचाळीस तासांचे पंचवीस होतात. एका सत्रात तीन स्वाध्याय असतील तर पन्नास तास वाचतात. विद्यार्थ्याचेही नुकसान नाही. थकलेल्या माणसाने दोनशेव्या वहीवर ओढलेल्या ‘ठीक’पेक्षा ते टिपण त्याच्या जास्त उपयोगी पडते.

दुसरे कसब शटर ओढण्याचे. बँकेत आम्ही दुपारी ठरलेल्या वेळी काउंटर बंद करत असू, ते ग्राहकांचा राग होता म्हणून नव्हे. शटर ओढल्याशिवाय दिवसाचा हिशेब जुळत नसे. ऑनलाइन शिक्षकाला शटर नाही. रात्री अकराला ‘सर, शेवटची तारीख कोणती?’ असा निरोप येतो, आणि तोच प्रश्न सकाळपर्यंत आणखी तीस जणांनी विचारलेला असतो. एकाच ठिकाणी सगळ्यांना दिसेल असे उत्तर लिहून ठेवणे, उत्तरे देण्याचे तास आधीच जाहीर करणे आणि ते पाळणे, या गोष्टी ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण त्या कुणी शिकवल्याशिवाय येत नाहीत, कारण चांगला शिक्षक म्हणजे केव्हाही दार उघडणारा शिक्षक, हे आपल्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते.

तेव्हा प्रशिक्षण फायद्याचे आहे. चाळीस तासांच्या अभ्यासक्रमात वर सांगितलेल्या दोनच गोष्टी शिकवल्या तरी एका सत्रात मुद्दल वसूल होते. कोणताही बँक अधिकारी असा प्रस्ताव डोळे मिटून मंजूर करील. पण बँक अधिकाऱ्याचा पुढचा प्रश्न असतो: हे चाळीस तास आणायचे कुठून? ज्याचा आठवडा आधीच तुटीत आहे त्याने ते कुणाकडून उसने घ्यायचे? द्राक्षबागेला कर्ज देताना आम्ही फळ धरेपर्यंत हप्ता मागत नसू. बाग उभी राहते आहे तोवर शेतकरी हप्ता भरणार कशातून, हे कळायला फार मोठे अर्थशास्त्र लागत नाही. शिक्षकाच्या बाबतीत मात्र रोप लावल्याच्या दिवसापासून हप्ता सुरू असतो. प्रशिक्षण रविवारी, नाहीतर रात्री नऊनंतर, नाहीतर दुसऱ्या कामाच्या खिडकीआड चित्रफीत नुसती चालू ठेवून. मग त्यातून हाती लागते ते प्रमाणपत्र.

आणि प्रमाणपत्रांना आपल्याकडे तोटा नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली आणि आता ती मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. २०१८ मध्ये ‘अर्पित’ नावाचा उजळणी अभ्यासक्रम ‘स्वयम्’वर ऑनलाइन आला, तो बरोबर चाळीस तासांचा होता. शाळांसाठी ‘निष्ठा’ २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२० च्या ऑक्टोबरात ‘दीक्षा’वर गेली. नव्या धोरणाने शिक्षकाकडून वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. हेतू वाईट आहे असे कोण म्हणेल? परंतु उजळणी वर्ग बढतीच्या शिडीला बांधले गेले, आणि जी गोष्ट बढतीला बांधली जाते ती बढतीपुरतीच केली जाते. बँकेतही बढतीच्या परीक्षेसाठी पाठ केलेले नियम निकालानंतर किती दिवस लक्षात राहत, ते मी जवळून पाहिले आहे.

बँकांचा एक अनुभव मात्र इथे कामाचा आहे. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि त्यानंतर शाखांमध्ये यंत्रे येऊ लागली. मी ज्या बँकेत होतो तिथे बराच काळ खातेवहीही लिहायची आणि यंत्रावरही नोंद करायची, असा दुहेरी कारभार चालला. काम कमी करायला आणलेल्या यंत्राने काम दुप्पट केले आणि लोक वैतागले. पण एक शहाणपण त्या व्यवस्थेत होते. कारकून ट्रेनिंग सेंटरला गेला की त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसे. शाखेच्या मंजूर संख्येत रजेवर आणि प्रशिक्षणाला जाणाऱ्यांच्या बदली माणसांची सोय धरलेली असे, आणि तो माणूस आला नाही तर संघटनेचे लोक भांडून त्याला आणत. परत आलेल्या कारकुनासमोर आठवडाभराच्या साठलेल्या व्हाउचरांचा ढीग नसे, म्हणून शिकलेले वापरून पाहायला त्याला उसंत मिळे. महाविद्यालयात प्रशिक्षणाहून परतणाऱ्या प्राध्यापकासमोर काय असते, ते त्यालाच विचारा.

ज्यांनी हे काम पन्नास वर्षे केले ते काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची स्थापना १९६९ ची. तिथे पाठ्यसाहित्य एक गट तयार करतो आणि विद्यार्थ्यांशी संबंध ठेवणारे, स्वाध्याय तपासणारे शिक्षक वेगळे असतात. त्यांनी तपासलेल्या स्वाध्यायांपैकी काही दुसरा अनुभवी शिक्षक नमुन्यादाखल वाचतो आणि तुमचा शेरा कुठे उपयोगी पडला, कुठे वाया गेला, हे कळवतो. म्हणजे प्रशिक्षण कामाच्या पोटातच बसवलेले. त्यासाठी वेगळा रविवार काढावा लागत नाही. या शिक्षकांना वर्षानुवर्षे मुदतीच्या करारांवर काढावी लागली, पण २०२२ मध्ये त्यांना कायम करण्यात आले. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातही १९८९ पासून अभ्यासकेंद्रावरचा ‘समंत्रक’ ही कल्पना आहे. समंत्रक हा शब्दच मला फार आवडतो. व्याख्याता नव्हे, बरोबर बसून सल्ला देणारा. दोन समंत्रकांनी एकमेकांचे तपासलेले स्वाध्याय महिन्यातून एकदा अदलाबदल करून वाचायला ना नवे सॉफ्टवेअर लागते, ना दिल्लीचे परिपत्रक. लागतात ते दोन तास, आणि तेही पगारी.

पगारी म्हटले की तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा विषय टाळता येत नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचा कितीतरी भार ही मंडळी वाहतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. रात्री दिलेल्या उत्तरांचे नाही, तपासलेल्या स्वाध्यायांचे नाही, आणि प्रशिक्षणाचे तर नाहीच. दोन महाविद्यालयांच्या बसथांब्यांमध्ये ज्याचा दिवस जातो त्याला वेळेचे नियोजन शिकवणारा वर्ग भरवणे म्हणजे उपाशी माणसाला चावून खाण्याचे फायदे सांगण्यासारखे आहे. शटर ओढायचे कसबही त्याला परवडत नाही. विद्यार्थ्याने तक्रार केली तर कायम प्राध्यापकाला विभागप्रमुख पाठीशी घालतील. याला पुढच्या वर्षी बोलावलेच जाणार नाही. ज्याला प्रशिक्षणाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ते घेण्याची ऐपत सर्वांत कमी.

त्यात २०२२ च्या अखेरीपासून चॅटजीपीटीची भर पडली आहे. स्वाध्याय विद्यार्थ्याने लिहिला की यंत्राने, हा संशय तपासणीच्या दहा मिनिटांत आणखी पाच मिनिटे वाढवतो. लगोलग कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या कार्यशाळाही निघाल्या आहेत, आणि त्यांतही शिक्षकाचा वेळ वाचेल असे आश्वासन असते. कदाचित वाचेलही. प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली, तोंडी परीक्षेला थोडी जागा दिली, तर निम्मा संशय मिटेल. पण प्रश्नपत्रिका नव्याने बांधायला सुट्टीतले निवांत आठ दिवस लागतात, कार्यशाळेचा एक दिवस पुरत नाही.

अनुदानित महाविद्यालयांत दरवर्षी कार्यभाराचे तक्ते भरले जातात आणि शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात ते तपासले जातात. सहायक प्राध्यापकाच्या नावापुढे आठवड्याचे सोळा तास प्रत्यक्ष अध्यापनाचे म्हणून दाखवावे लागतात. प्रशिक्षणाच्या परिपत्रकांची संख्या मोजण्यापेक्षा मी यंदा हा तक्ता पाहीन. त्या सोळांत अडीचशे जणांच्या चर्चेचे तास धरले आहेत का, आणि प्राध्यापक शिकायला जाईल त्या आठवड्यापुढे बदली माणसाचे नाव लिहिले आहे का, एवढेच त्यात शोधायचे आहे.