अंधारात बघायला शिकूया

पाल चुकचुकली की बोटाने जमिनीवर टकटक करून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायचं. अंगावर पडली तर पंचांगात फळ बघायचं. आणि साप दिसला की आधी किंचाळायचं, मग घरातल्या पुरुषाला काठी घेऊन बोलवायचं! आपल्यापैकी बहुतेकींचं या प्राण्यांशी नातं एवढंच. हां, आणखी एक. श्रावणात नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढायचा, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवायचा, त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही. म्हणजे वर्षातून एक दिवस भाऊ आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस वैरी!

मैत्रिणींनो, ही भीती आपल्याला फार महागात पडते, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती घालवायची तर ज्या वेळी आपल्याला ‘घरात बस’ म्हणतात, त्याच वेळी बाहेर पडायला हवं. म्हणजे रात्री!

दचकू नका. सिंधुदुर्गात सावंतवाडी तालुक्यात आंबोली आहे ना, तिथे पावसाळ्यात लोक खास रात्री साप, पाली, बेडूक बघायला आणि त्यांचे फोटो काढायला येतात. आपल्याला आंबोली म्हणजे धबधबा आणि गरमागरम कणसं एवढंच ठाऊक. पण वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं हे सदाहरित जंगल म्हणजे मोठा खजिना आहे. २००९ साली आंबोलीतून एक छोटा झाडबेडूक आणि अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक भेक जगाला नव्याने कळला. २०१८ साली एका इवल्याशा पालीला शास्त्रज्ञांनी आंबोलीचंच नाव दिलं. तिकडे कोयनेच्या जंगलात २०१९ साली मांजऱ्या सापाची नवी जात नोंदली गेली. हा साप रात्री ओढ्याकाठी बेडकांची अंडी खातो. आपल्या मागल्या दारी एवढं चाललेलं असतं आणि आपण मालिकेतल्या नागिणी बघत बसतो!

आमच्या बचत गटातल्या आम्ही नऊजणी दोन वर्षांपूर्वी आंबोलीला गेलो. निघताना सासूबाई म्हणाल्या, ‘‘साप बघायला पैसे खर्चून जायचं? अंगणात कमी आहेत का?’’ त्यांचंही खरंच होतं म्हणा! पण अंगणातला बघताना आपण बघत नसतो, पळत असतो.

रात्री आठ वाजता गमबूट, रेनकोट, हातात बॅटरी असा थाट करून निघालो. बरोबर गावातलाच एक जाणकार मुलगा होता. जंगलात रात्री असं जाणत्या माणसाबरोबरच जायचं, आणि लागते तिथे वनखात्याची परवानगी घ्यायची. त्याने पहिलाच धडा दिला, ‘‘काकी, बॅटरी खाली नका धरू, डोळ्यांच्या शेजारी धरा.’’ बॅटरी डोळ्यांजवळ धरली की समोरच्या प्राण्याचे डोळे चमकून दिसतात. दगडाच्या कपारीत दोन ठिणग्या दिसल्या, ती पाल निघाली! साप मात्र असे चमकत नाहीत. ते आकारावरून शोधावे लागतात. फांदीच्या रेषेत न बसणारी वळकटी, पानापेक्षा किंचित फिकट दिसणारं पोट… हळूहळू नजर बसते. निवडताना तांदळातला खडा बरोबर सापडतो ना आपल्याला, तसंच. खरं सांगते, या कामात बायकांची नजर पुरुषांपेक्षा तेज असते.

तासाभरात मलबारी चापडा दिसला. तपकिरी अंगावर हिरवट नक्षी. हा साप कधी हिरवा, कधी पिवळा, कधी नारिंगीसुद्धा असतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो, त्याने त्याला भक्ष्याच्या अंगाची ऊब कळते. म्हणून गर्द काळोखातही त्याचा नेम चुकत नाही. तो एकाच जागी दिवसेंदिवस भक्ष्याची वाट बघत बसतो. केवढा तो संयम!

आम्ही जिथे उतरलो होतो, त्या घरच्या वहिनींची गोष्ट मात्र मनाला लागली. फोटो काढायला येणाऱ्यांना रात्री अकरा-अकरापर्यंत भाकरी-पिठी वाढणारी ही बाई स्वतः एकदाही अशी फेरी मारून आलेली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘भाकऱ्या कोण थापणार?’’ दुसऱ्या रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून लवकर स्वयंपाक उरकला आणि त्यांना सोबत नेलं. एका झुडपावर, पार शेंड्याला, हिरवागार हरणटोळ झोपलेला. वहिनी थबकल्या. म्हणाल्या, ‘‘हा तर आमच्या करवंदीवर असतो. टाळू फोडतो म्हणून दरवर्षी मारायला लावते मी.’’ तो मुलगा हसून म्हणाला, ‘‘वहिनी, तो बेडूक-सरडे खातो, माणसाची टाळू नाही. त्याचं विष आपल्याला मारण्याइतकं नसतंच.’’ वहिनी बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. त्या दहा मिनिटांनी जे केलं, ते दहा व्याख्यानांनी झालं नसतं.

आता जरा कडू बोलते. फोटोचं वेड वाढलं, तसा त्याचा त्रासही वाढलाय. चांगला ‘अँगल’ मिळावा म्हणून सापाला काठीने हलवणारे, आडवी येणारी फांदी मोडणारे, पालीला चिमटीत धरणारे महाभाग आम्ही तिथेच बघितले. धरलं की पाल शेपूट टाकते. ती पुन्हा फुटते, पण त्यासाठी तिचं साठवलेलं बळ खर्ची पडतं. सापाला आणि घरच्या पालीला पापण्या नसतात. डोळे मिटायची सोयच नाही, आणि आपण फ्लॅशवर फ्लॅश मारायचे? फोटो लांबून काढावा, फ्लॅशवर पांढरा पातळ कागद लावावा, दोन-चार फोटो झाले की बॅटरी विझवून पुढे जावं. मोबाइलमध्ये नेमकी जागा सगळीकडे पाठवू नये. हात न लावता काढलेला फोटो थोडा अंधुक आला तरी चालेल. हातात नाग धरून काढलेल्या फोटोला तर आपण टाळ्या वाजवणं बंदच करावं. शिवाय सापाला पकडणं, छळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

तुम्ही म्हणाल, ही हौस ठीक आहे, पण आमच्या रोजच्या आयुष्यात त्याचं काय? आहे ना! २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार! त्यात शेतात राबणारी, जमिनीवर निजणारी माणसंच जास्त. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि आपण ओवा देत बसतो! पावसाळ्यात खाटेवर किंवा गादीखाली नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणं, रात्री परसात जाताना बॅटरी नेणं, लाकडं-गोवऱ्या उचलताना आधी उजेड टाकणं, एवढ्यानेही जीव वाचतात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक, तर बिनविषारी कवड्याचे मानेकडे ठळक. हा फरक ओळखता आला, तर बिचारा कवड्या वाचेल. पण खात्री नसेल तर लांबच राहायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं. दंश झालाच तर चिरा देणं, चोखणं, मांत्रिक काही नको. हात-पाय न हलवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरचं औषध तिथे मिळतं.

आणि हे बायकांचं काम नाही, असं कुणी म्हणालं तर त्यांना बुलढाण्याच्या वनिता बोराडे यांचं नाव सांगा. हजारो साप वाचवणाऱ्या या बाईंना २०२० सालचा नारीशक्ती पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला.

सगळ्याजणींनी आंबोलीलाच जावं असं नाही. येत्या पावसाळ्यात, रात्रीचं आवरून झालं की मुलीला, सुनेला सोबत घ्या, पायात बूट घाला, बॅटरी घ्या आणि परसातल्या भिंतीवरची पाल फक्त पाच मिनिटं बघा. जिभेने स्वतःचा डोळा पुसताना ती दिसली तर मुलीलाही दाखवा. भीती आपण तिच्या पदरात आपसूक टाकतोच, ओळख मात्र मुद्दाम करून द्यावी लागते.