अठरा पूर्ण झाली, फाइल बंद

“ताई, खरं सांगा, माझा नंबर लागंल का?”

वडवणी तालुक्यातल्या एका वस्तीवर बैठक संपली, बाया उठल्या आणि मागं राहिलेल्या एका मुलीनं मला हे विचारलं. २०२५ च्या मे महिन्यात तिनं नीटची परीक्षा दिली होती. ७२० पैकी ४१८ गुण. आईबाप ऊसतोडीला, बारावीचं वर्ष आजीजवळ काढलेलं, शिकवणी म्हणजे मोबाइलवर जे फुकट मिळेल ते. सरकारी कॉलेजच्या यादीत नाव आलं नाही. तिला आणखी एक वर्ष हवं होतं. आणि मी, एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा वर्षं कार्यकर्ती म्हणवून घेणारी बाई, तिला म्हणाले, “व्यवहारी विचार कर गं. बी.एस्सी. नर्सिंगचं बघ.”

तिनं मान डोलावली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मैत्रिणींनो, नर्सिंगला मी कमी लेखत नाही. प्रश्न असा आहे की हा सल्ला माझ्या तोंडून इतक्या झटकन कसा निघाला? तिच्या भावाला मी तो दिला नव्हता. तो दोन वर्षं लातूरला रिपीटर बॅचला होता. दोन्ही वेळा हिच्याहून कमी गुण. तेव्हा बापानं मुकादमाकडून जादा उचल घेतली, फी आणि खोली-डबा भरला. ही उचल फेडली कुणी? आपल्याकडं कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणजे मुलाच्या फीमध्ये निम्मे घामाचे पैसे आईचे होते. मुलीच्या वेळी त्या निम्म्याचा हिशेब कुणी काढला नाही. मीसुद्धा नाही.

‘शक्यता कमी आहे’ असं मी म्हणाले ते तरी कशाच्या जोरावर? २०२४ ला चोवीस लाख मुलामुलींनी नीटसाठी नावं नोंदवली, त्यात मुली तेरा लाखांहून जास्त. एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. आपल्या राज्यात सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांना, त्यांत ३० टक्के मुलींना. हे सगळं मला पाठ आहे. पण २०२५ चा पेपर अवघड निघाला आणि २०२४ ला जिथं यादी थांबली होती त्याच्या शंभरेक गुण खाली ती उतरली. पुढच्या वर्षी कुठं थांबेल हे शिकवणीवाल्यालाही सांगता येत नाही, मला कुठून येणार?

एक गोष्ट मात्र सांगता येते. तमिळनाडू सरकारनं नेमलेल्या न्या. ए. के. राजन समितीनं २०२१ च्या अहवालात दाखवलं, की नीट आल्यापासून तिथं प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षेला बसलेल्यांचा वाटा वाढत वाढत सत्तर टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे नंबर लागतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा. कितीही वेळा बसा, बंधन नाही. वयाची वरची अटही २०२२ ला निघाली. सरकार म्हणतं कितीही वेळा, घर मुलीला म्हणतं एकदाच.

सत्तर-तीसचं सूत्र आठवत असेल. मेडिकलच्या सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, आणि मराठवाड्यात कॉलेजंच थोडी. जास्त गुण असून आपली मुलं बाहेर राहत होती. मराठवाड्यातले पुढारी पक्ष विसरून बोलले आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं. चांगलं झालं. मुलाला दोन वर्षं आणि मुलीला एक, या घराघरातल्या सूत्राविरुद्ध मात्र कुणी निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीवर गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीपाशी हे बोलले तर त्या म्हणाल्या, “इथं पोरी सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढतात, आणि तुला डॉक्टरकी सुचते?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांत चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. लग्नं थांबवायला आपण रात्री-बेरात्री धावतो, ते धावायलाच हवं. पण मुलगी पहिल्यांदा नीट देते सतराव्या-अठराव्या वर्षी. दुसरं वर्ष येतं ते बरोबर अठरा पूर्ण झाल्यावर. म्हणजे जिथं तिचा नंबर लागण्याची खरी आशा सुरू होते, तिथंच कायद्याचं संरक्षण संपतं. आणि आपलंही. आमच्या कपाटात अशा कितीतरी फाइली आहेत, ‘वय १८ पूर्ण, प्रकरण बंद’ असा शेरा मारून बांधलेल्या. अक्षर माझंच आहे.

हा व्यवहारीपणा मी कुठं शिकले तेही सांगते. बी.ए.ला असताना देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा फॉर्म भरावा असं मनात होतं. आम्ही दरवर्षी तुळजापूरला देवीला जायचो, त्याच गावात १९८६ पासून या संस्थेचं केंद्र आहे हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी, मायेनंच बरं का, सांगितलं, “तिथं इंग्रजीवाल्यांचं काम. शंभरात एकाचा नंबर लागतो. उगाच पैसे घालवू नकोस.” मी फॉर्म भरलाच नाही. नंबर लागला नसता, हे मला आजही माहीत नाही, सरांनाही नव्हतं.

जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि मराठा समाजातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारनं पूर्ण माफ केली. मात्र ती प्रवेश मिळाल्यावर. दारापर्यंत पोचायचं वर्ष ज्याचं त्यानं बघायचं. हंगामी वसतिगृहं आहेत, ती शाळेतल्या लहान मुलांसाठी. बारावी झालेल्या मुलीनं ते एक वर्ष कुठं राहायचं, कुठं वाचत बसायचं? ही मागणी आपल्या एकाही पत्रकात नाही. या अंकानंतर ती असायला हवी. आणि तोवर फाइलवरचा तो शेरा मारणं बंद करू या, निदान एकवीसपर्यंत.

दिवाळीच्या आधी मी त्या वस्तीवर परत गेले. उचल घेऊन झाली होती, टोळी निघायच्या बेतात होती. मुलीला बरोबर न्यायचं की मामाच्या पोराला देऊन टाकायची, यावर घरात बोलणं चाललं होतं. मुलगी दारामागं उभी. मी नंबराचं काही बोलले नाही. तिच्या आईला विचारलं, “पोराच्या वेळी घेतलेल्या उचलीतली तुमची निम्मी मजुरी होती ना? पोरीच्या नावची निम्मी कुठंय?”

आई बराच वेळ चुलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “हे तिच्या बापासमोर इचारा, ताई.”

रविवारी जाणार आहोत. चौघीजणी.