विश्लेषण : सामन्यानंतरची प्रार्थना, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल… अमेरिकी शाळांमधील धर्माचा वाद काय आहे?

सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधील ‘दहा आज्ञा’ लावण्याची सक्ती करणारा कायदा अमेरिकेतील लुइझियाना राज्याने २०२४ मध्ये केला. २०२५ मध्ये टेक्सासनेही तोच मार्ग धरला. दोन्ही कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यात आले. अशा कायद्यांचे समर्थक २०२२ च्या एका निकालाकडे बोट दाखवतात. त्या निकालाचे मूळ एका छोट्या शहरातील हायस्कूलच्या फुटबॉल मैदानावर आहे. तिथे नेमके काय घडले होते, याचा हा आढावा.

प्रकरण काय होते?

ब्रेमर्टन हे वॉशिंग्टन राज्यातील सुमारे ४३ हजार वस्तीचे शहर. सिएटलहून फेरीबोटीने तासाभराच्या अंतरावर. नौदलाची गोदी हा इथला मोठा रोजगार. ब्रेमर्टन हायस्कूल ही येथील सरकारी शाळा. जोसेफ केनेडी हे माजी मरीन सैनिक २००८ मध्ये शाळेच्या फुटबॉल संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळला जाणारा अमेरिकी खेळ.) सामना संपला की ते मैदानाच्या मधोमध, पन्नास यार्डांच्या रेषेवर गुडघा टेकून प्रार्थना करत. सुरुवातीला ते एकटेच असत. पुढे काही खेळाडू त्यांच्याभोवती जमू लागले. मग प्रतिस्पर्धी संघाचे खेळाडूही येऊ लागले आणि प्रार्थनेला धार्मिक वळणाच्या छोट्या भाषणाची जोड मिळाली.

सात वर्षे कोणी हरकत घेतली नाही. २०१५ मध्ये ही गोष्ट शिक्षण मंडळाच्या कानावर गेली, तीही तक्रारीतून नव्हे. दुसऱ्या शाळेच्या प्रशिक्षकाने ब्रेमर्टनच्या मुख्याध्यापकांकडे या प्रथेचे कौतुक केले होते!

शाळेने आक्षेप का घेतला?

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने सरकारवर दोन बंधने घातली आहेत. कोणताही धर्म सरकारी म्हणून प्रस्थापित करायचा नाही आणि कोणाच्याही धर्मपालनात आडकाठी आणायची नाही. पहिल्या बंधनाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. १९९२ मध्ये पदवीदान समारंभातील धर्मगुरूंच्या प्रार्थनेला आणि २००० मध्ये फुटबॉल सामन्यापूर्वी विद्यार्थ्याने ध्वनिक्षेपकावरून म्हटलेल्या प्रार्थनेलाही न्यायालयाने मनाई केली.

शिक्षण मंडळाला याच निकालांची धास्ती होती. त्यांनी केनेडींना पत्र पाठवले : प्रार्थना जरूर करा, पण विद्यार्थ्यांसोबत नको, मैदान रिकामे झाल्यावर किंवा खासगी जागेत करा. केनेडींनी काही काळ ते मानले. ऑक्टोबरमध्ये मात्र वकिलामार्फत कळवले की, मैदानावरची प्रार्थना आपण पुन्हा सुरू करणार. हे माध्यमांतून पसरले. त्यानंतरच्या सामन्याला प्रेक्षकांचा लोंढा मैदानात घुसला आणि शाळेच्या बँडमधील मुलांना धक्के बसले. सैतानाला मानणाऱ्या एका गटानेही मैदानावर आपल्या विधींसाठी परवानगी मागितली. एकाला मुभा दिली तर दुसऱ्याला नाही कसे म्हणणार, हा प्रश्न मंडळापुढे उभा राहिला. अखेर केनेडींना पगारी रजेवर पाठवण्यात आले. पुढच्या वर्षी त्यांनी पदासाठी पुन्हा अर्ज केला नाही, न्यायालयात मात्र धाव घेतली.

न्यायालयाने काय म्हटले?

कनिष्ठ न्यायालयांत केनेडी हरले. २७ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती नील गोरसच यांनी बहुमताचा निकाल लिहिला. बहुमताने ऑक्टोबर २०१५ मधील तीन सामन्यांनंतरच्या प्रार्थनांपुरताच विचार केला. त्या वेळेत इतर प्रशिक्षक ई-मेल पाहू शकत होते, मित्रांशी बोलू शकत होते. मग केनेडींनी शांतपणे प्रार्थना केली तर ती शाळेची कशी, ती त्यांची खासगीच, असा युक्तिवाद मान्य झाला. विद्यार्थ्यांवर सक्ती झाल्याचा पुरावा नाही, असेही बहुमताने म्हटले.

न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी दोन सहकाऱ्यांसह असहमती नोंदवली. खेळाडूंच्या गराड्यात प्रार्थना करणाऱ्या केनेडींची छायाचित्रेच त्यांनी आपल्या निकालपत्रात छापली. हे ‘खासगी आणि शांत’ नव्हते आणि आधीची अनेक वर्षे बाजूला सारून तीन सामने वेगळे काढता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

कळीचा मुद्दा कोणता?

एका पालकाने मुख्याध्यापकांना सांगितले होते की, आपला मुलगा नास्तिक आहे, तरी तो प्रार्थनेत सामील होई. कारण न गेल्यास आपल्याला कमी खेळवतील अशी त्याला भीती वाटे. केनेडींनी कोणावर जबरदस्ती केली, असा आरोप नव्हता. पण कोणाला मैदानात उतरवायचे आणि कोणाला बाकावर बसवायचे यात प्रशिक्षकाचा शब्द चालतो. संघातील बहुतेक जण त्याच्याभोवती गोळा होत असताना पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एकट्याने बाजूला उभे राहणे सोपे नसते. आदेश न देताही दबाव येतो. बहुमताने सक्तीचा अर्थ तुलनेने काटेकोर घेतला आणि हा अबोल दबाव त्यात बसला नाही.

उलट बाजूही आहे. शिक्षकाने नोकरीच्या जागी आपली श्रद्धा पूर्णपणे झाकूनच ठेवावी, अशी अपेक्षा धरली तर त्याच्या धर्मस्वातंत्र्याला अर्थ उरत नाही. न्यायालयाने हा धोका अधिक मोठा मानला.

निकालाचा परिणाम काय?

धर्म आणि सरकार यांच्यातील सीमा ठरवण्यासाठी १९७१ पासून ‘लेमन कसोटी’ वापरली जात होती. सरकारी कृतीचा हेतू धर्मनिरपेक्ष आहे का, तिचा मुख्य परिणाम धर्माला बळ देणारा आहे का, हे त्यात पाहिले जाई. ब्रेमर्टन निकालाने ती बाजूला सारली आणि इतिहास व परंपरा यांचा निकष पुढे आणला. केंटकी राज्याचा ‘दहा आज्ञां’चा कायदा १९८० मध्ये रद्द झाला होता, तो याच जुन्या कसोटीवर. कसोटीच गेली, तर तो निकाल कसा टिकेल, असा लुइझियाना आणि टेक्सासच्या कायद्यांच्या समर्थकांचा सवाल आहे. विरोधकांचे उत्तर असे की, केनेडींची प्रार्थना एका व्यक्तीची होती. वर्गात लावलेला फलक मात्र थेट सरकारचा आहे आणि मुलांना तो वर्षभर टाळता येत नाही.

ब्रेमर्टनमध्ये पुढे काय झाले?

शिक्षण मंडळाने केनेडींच्या वकिलांचे शुल्क म्हणून १७ लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. केनेडी दरम्यान फ्लोरिडाला स्थायिक झाले होते. ते परतले आणि १ सप्टेंबर २०२३ च्या सामन्यानंतर त्यांनी मैदानावर प्रार्थना केली. काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे जे पद परत मिळवण्यासाठी आठ वर्षे लढा चालला, ते एका सामन्यापुरते ठरले.

मुख्याध्यापकांसमोरचा पेच मात्र मिटलेला नाही. शिक्षकाने एकट्याने प्रार्थना केली तर अडवता येणार नाही, एवढे स्पष्ट झाले. त्याच्याभोवती विद्यार्थी जमू लागले तर कोणत्या क्षणी हस्तक्षेप करायचा, याची रेषा निकालाने आखून दिलेली नाही. तोवर बाकावर बसण्याच्या भीतीने गुडघा टेकणाऱ्या मुलाची अडचण तशीच राहते.