रोही, वावर आणि पैसेवाला शिकारी

तूर शेंगांवर आली की अकोला-अमरावतीकडचा शेतकरी घरी झोपत नाही. वावरात माळा बांधायचा, टॉर्च घ्यायचा, टिनाचा डबा बडवायचा आणि पहाटेपर्यंत रोही (नीलगाय) नि डुकरं हाकलत बसायचं. याला आमच्याकडे जागल म्हणतात. एखाद्या रात्री डोळा लागला, तर सकाळी हरभरा लोळवलेला दिसतो. काटेपूर्णा अभयारण्याच्या काठावरच्या एका गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, "तुमी म्हंता जनावर मारू नोका. मंग मायी तूर कोन राखन?"

या प्रश्नाला बगल देऊन शिकारीविरुद्ध लिहिणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण याच प्रश्नाच्या आडून हल्ली एक वेगळीच मागणी पुढे सरकवली जाते. ती आधी तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो.

मागणी अशी : अमेरिकेकडे बघा. तिथं पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार हा मोठा धंदा आहे. शिकारी पैसे मोजतो, वाटाड्या त्याला मचाणावर बसवतो. आधी तिरकामठ्याचा हंगाम, मग नोव्हेंबरात नर माजावर आले की बंदुकीचा, शेवटी थंडीतला. शिंगं इंचांत मोजून भिंतीवर लावायची. शंभर वर्षांपूर्वी तिथं ही हरणं जेमतेम पाच लाख उरली होती, आज तीन कोटींच्या घरात आहेत. शस्त्रं आणि काडतुसांवरचा कर 1937 च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवला, म्हणजे शिकाऱ्याच्या पैशावरच जंगल पोसलं गेलं. आणि कळस म्हणजे टेक्सास! आपलाच रोही गेल्या शतकात तिथल्या किंग रँचवर नेऊन सोडला गेला. आज त्याला मारायला लोक हजारो डॉलर देतात. तिथला रोही मालकाला पैसा देतो, इथला आपली तूर खातो. मग वऱ्हाडात परवाने का देऊ नयेत? शेतकरी सुटेल, गावाला पैसा मिळेल.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. एकेक मुद्दा वावरात उभं राहून तपासला की मात्र त्याचा दम सुटतो.

पहिला मुद्दा संख्येचा. पैसेवाल्या शिकाऱ्याला काय हवं असतं? सर्वांत मोठ्या शिंगांचा नर. पण कळप वाढतो तो माद्यांवर. एक नर मेला तर त्याची जागा दुसरा घेतो, माद्या व्यायच्या थांबत नाहीत. रोहीण तर पुष्कळदा जुळी देते. खुद्द अमेरिकेतही हरणांची संख्या आवरायची असते तेव्हा वनखातं माद्यांसाठी वेगळे परवाने काढतं, कारण शिंगांच्या हौसेनं संख्या घटत नाही हे त्यांना कळून चुकलेलं आहे. डुक्कर तर शिंगाविनाच जन्मतं. सोयाबीन नि भुईमूग उकरणाऱ्या डुकरिणीच्या मागं रात्र जागवायला परदेशी पाहुणा येणार नाही.

दुसरा मुद्दा हंगामाचा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं वर्ष घड्याळासारखं चालतं : पाडसं उन्हाळ्याच्या तोंडाशी, माज नोव्हेंबरात, शिंगं गळतात हिवाळ्यात. म्हणून तिथं शरद ऋतूतल्या शिकारीला काही अर्थ आहे, तोवर पाडसं पायावर उभी राहिलेली असतात. आपल्या चितळांत एकाच कळपात एक नर मखमली शिंगांचा, दुसरा पक्क्या शिंगांचा आणि तिसरा शिंगं गाळलेला दिसतो, कारण त्यांची वीण वर्षभर चालते. रोह्याचंही तेच. इथं कोणताही महिना हंगाम म्हणून ठरवा, गोळीच्या टप्प्यात गाभण किंवा दूध पाजणारी मादी असणारच. आणि पिकाला राखण लागते ती पावसाळ्यात सोयाबीन उगवताना नि पौषात तूर भरताना. पाहुण्याच्या सुट्टीशी या वेळापत्रकाचा संबंध काय?

तिसरा मुद्दा जमिनीचा. किंग रँच आठ लाख एकरांहून मोठा आहे, त्याला मालक एक. आमच्याकडे दोन-चार एकरांचा तुकडा, पलीकडे दुसऱ्याची पऱ्हाटी आणि त्या पऱ्हाटीत पहाटेपासून वेचणीला वाकलेल्या बाया. रायफलची गोळी धुऱ्यावर थांबत नाही.

चौथा मुद्दा पैशाचा, आणि इथं मी एक गोष्ट मान्य करतो. पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तान नि चित्रालच्या डोंगरात मारखोर या रानबकऱ्याच्या मोजक्या शिकारींचे परवाने लिलावानं जातात आणि त्यातली ऐंशी टक्के रक्कम तिथल्या गावांना मिळते. मारखोर त्यामुळे तगला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो दुर्मीळ प्राणी उघड्या कड्यांवर राहतो, तुरीत शिरत नाही. तिथं प्रश्न प्राणी वाचवण्याचा होता, इथं पीक वाचवण्याचा आहे. अमेरिकेतही हरणं परतली ती आधी बाजारासाठी होणारी बेसुमार कत्तल कायद्यानं थांबली म्हणून. कर नंतर आला.

आणि हौशी शिकारीचा अनुभव आपल्याला नाही असं कुठंय? मध्यप्रांत-वऱ्हाडात जंगलाचे ब्लॉक पाडून ते परवान्यावर दिले जात. स्वातंत्र्यानंतर नागपुरात 'अ‍ॅल्विन कूपर' नावाची शिकार कंपनी होती. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल ती चालवत. नियम होते, वाटाडे होते, शुल्कही होतं. तरी 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी घालावी लागली आणि 1972 च्या गणनेत देशात 1,827 वाघ निघाले. मेळघाट 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला तो या हिशेबाच्या पोटी.

यातला अन्याय आणखी खोल आहे. साहेबाच्या शिकारीत माग काढणारा बहुतेकदा इथलाच माणूस असे. अकोला-अमरावतीच्या माळांवरच्या फासेपारध्याला इंग्रजांनी जन्मानं गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का कायद्यातून पुसला गेला 1952 मध्ये. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तित्तिरासाठी फास लावणारा पारधी आरोपी झाला, पण त्याच कायद्यात हौशी शिकारीच्या परवान्यांची तरतूद मात्र राहिली. ती 1991 च्या दुरुस्तीनं गेली. आता तीच मागच्या दारानं परत आणायची? पोटासाठी मारणाऱ्याला कोठडी आणि भिंतीसाठी मारणाऱ्याला परवाना, हा न्याय वऱ्हाडानं का मानावा?

इथवर खंडन झालं. पण त्या म्हाताऱ्याला उत्तर अजून मिळालेलं नाही.

पहिली गोष्ट : पीक खाणारं जनावर मारायला कायदा आजही आडवा येत नाही. कलम 11 मध्ये उभ्या पिकांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्रात रोही नि डुकरांसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर परवाना देण्याची सोय 2015 मध्ये झाली. अडतं कुठं? परवाना कागदावर मिळतो, पण शेतकऱ्याकडे ना बंदूक, ना नेम. मग कुणीतरी कुंपणात वीज सोडतो. त्यात रोही मरतो, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा गडी. म्हणून माझं म्हणणं असं की जिथं मारल्यावाचून गत्यंतर नाही तिथं मारावं. पण ते वनखात्याच्या पगारी, प्रशिक्षित पथकानं, गावाच्या अर्जावरून, माद्यांसकट संख्येचा हिशेब ठेवून मारावं. त्यातलं एकही शिंग विकू नये, कुणाला देऊ नये.

भाड्याचा शिकारी आणला की काय होतं ते आपण पाहिलंय. बिहारमध्ये मोकामा भागात 2016 साली बाहेरून आलेल्या शिकाऱ्यांनी रोही मारले आणि प्रकाश जावडेकर विरुद्ध मनेका गांधी असा केंद्रातल्या दोन मंत्र्यांत जाहीर वाद पेटला. आपल्या यवतमाळात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री टी-1 वाघीण खासगी शिकाऱ्याच्या गोळीनं मेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते, म्हणजे कारण खरंच गंभीर होतं. तरी ती मारली कशी, यावरचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. बंदूक सरकारी माणसाच्या हाती असेल तर जाब कुणाला विचारायचा हे तरी ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट कुंपणाची. एकट्यानं झटका मशीन लावलं की कळप शेजाऱ्याच्या वावरात शिरतो. शिवाराला शिवार जोडून सौर कुंपण झालं तरच उपयोग. सरकारी योजनेतलं अनुदान एकेका अर्जदाराला वाटण्यापेक्षा गटाला द्यावं.

तिसरी गोष्ट पारध्याची. कळप कुठून येतो, कुठं बसतो, कोणत्या वाटेनं परततो हे त्याच्याइतकं कुणाला कळतं? अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोर पक्षी राखायच्या कामात फासेपारधी सामील झालेच आहेत. त्यांना माग काढणारे आणि पीकराखे म्हणून मजुरीवर नव्हे, पगारावर घ्या.

राहिला जंगलातून गावाला पैसा मिळण्याचा प्रश्न. त्याला अचलपूर तालुक्यातलं पायविहीर उत्तर देऊन बसलंय. या गावाला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकड्या राखल्या, ग्रामसभेनं सीताफळं स्वतः बाजारात नेली. एकही गोळी न झाडता जंगल कमावतं झालं.

म्हणून वाचकहो, या दिवाळीआधी तुमच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या : शिवाराला सलग कुंपण, पीकनुकसानीच्या पंचनाम्याची ठरलेली मुदत आणि वनखात्याचं पथक. शिकारीच्या परवान्याचा चौथा ठराव कुणी मांडला, तर त्याला एवढंच विचारा की पौषातल्या जागलीला तुमचा पाहुणा किती रात्री येणार?